गोरखाला मदत घेऊन जाताय? आधी शेवटच्या चढाचे पैसे बाजूला काढा

नेपाळच्या 2015 च्या भूकंपानंतर गोरखा जिल्ह्यात ट्रकनं मदत नेणाऱ्यांसाठीचं हे टिपण; यातले भाव, नियम आणि रस्ते तेव्हाचे. विटा ते नेपाळ सीमेवरच्या सोनौलीपर्यंतच्या रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. नागपूर, जबलपूर, रीवा, अलाहाबाद, गोरखपूर. ट्रकवर दोन ड्रायव्हर ठेवा, डिझेलचे पैसे वेगळे ठेवा, बस्स. सीमा ओलांडल्यावर भैरहवा, बुटवल, नारायणगढपर्यंतचा तराईतला रस्ताही बराचसा सरळच आहे. खरा प्रवास गोरखा बजारच्या पुढं सुरू होतो, आणि इकडच्या एकाही मदत फेरीच्या बैठकीत त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

"गाडी थेट वरपर्यंत जाते" या वाक्यावर विश्वास ठेवू नका. 25 एप्रिल 2015 च्या 7.8 च्या धक्क्याचं केंद्र ज्या बारपाकजवळ होतं, त्या गावाकडे नकाशात रेघ दिसते. जागेवर 2015 मध्ये ती रेघ म्हणजे डोझरनं डोंगर खरवडून काढलेली मातीची वाट होती. गोरखा बजारातून दरौंदी खोलाच्या (नदीच्या) काठी बलुव्यापर्यंत कसंबसं उतरता येतं. तिथून वरचा चढ आपल्या दहा टनी ट्रकचा नाहीच. वळणं इतकी आखूड की दोन-तीनदा मागं-पुढं केल्याशिवाय गाडी फिरत नाही, आणि मागं घेताना मागचं चाक दरीच्या कडेच्या भुसभुशीत मातीवर येतं. कोरड्यात घोट्याएवढी धूळ, अर्धा तास पाऊस झाला की त्याच धुळीचा साबण. डोंगरात मे-जूनमध्ये दुपारनंतर वळीव ठरलेला, त्यामुळे पहाटे पाचला निघून दुपारी बाराच्या आत माल खाली झालाच पाहिजे. कुंभार्ली घाट रोज चढणारा ड्रायव्हर बरोबर आहे म्हणून छाती काढू नका. तिथं डांबर आहे, इथं तेव्हा नव्हतं.

आणखी एक. 12 मे रोजी 7.3 चा दुसरा मोठा धक्का बसला. त्याचं केंद्र पूर्वेला दोलखा-सिंधुपाल्चोककडे असलं तरी आधीच सुटलेले दगड सगळीकडे आणखी सुटले. एप्रिलमध्ये जाऊन आलेल्यानं रस्त्याबद्दल काही सांगितलं तर ते आता जमेस धरू नका. बलुव्यात आदल्या संध्याकाळी वरून उतरलेल्या ट्रॅक्टरवाल्यालाच विचारा.

वर जातात ते ट्रॅक्टर आणि छोटे टिपर. ट्रॉलीत दीड टनाच्या वर माल घालू देऊ नका, मालक कितीही म्हणाला तरी. चढाला ट्रॉली जड झाली की ट्रॅक्टरचं पुढचं तोंड उचलतं आणि स्टिअरिंगला काही अर्थ राहत नाही. उतारावर तीच ट्रॉली ट्रॅक्टरला मागून रेटून आडवं करते. मालावर माणसं बसवू नका. ही सूचना सगळे ऐकतात, पण पहिल्याच वळणावर दोघं-तिघं वर चढून बसलेले असतात.

आता भाव. 2015 च्या मे अखेरीस एका ट्रॉलीला वीस हजार सांगत होते. वीस हजार काय, हे माल भरायच्या आधी विचारा. नेपाळी रुपयाला तिकडं एनसी म्हणतात, भारतीयला आयसी, आणि दर ठरलेला आहे: 100 आयसीला 160 एनसी. वीस हजार एनसी म्हणजे आपले साडेबारा हजार. खाली ठरवताना एनसी, वर पोचल्यावर आयसी, असा खेळ सर्रास चालतो. माल उतरवायचा राहिलेला, भोवती गावातली माणसं उभी, आभाळ भरून आलेलं, अशा वेळी कुणी साडेसात हजारांसाठी भांडत बसत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. "दाइ, एनसी कि आयसी?" एवढं विचारा, आकडा कागदावर लिहून घ्या, त्यापुढं एनसी लिहा आणि सही घ्या. अर्धे पैसे खाली, अर्धे वर. बाहेरची गाडी आपल्या रस्त्यावर चालू न देणाऱ्या वाहतूकदारांच्या सिंडिकेटी 2015 मध्ये नेपाळभर होत्या, तेव्हा बुटवलहून स्वस्तात टिपर आणू, हा हिशेब धरू नका.

400 कुटुंबांचा हिशेब करून बघा. घरटी द्यायच्या सामानाचं किट 18 किलोचं, म्हणजे 7.2 टन. घरटी 30 किलोचं तांदळाचं पोतं धरलं तर आणखी 12 टन. एकूण 19.2 टन, दीड टनानं 13 खेपा. 2,60,000 एनसी, म्हणजे 1,62,500 आयसी. घरटी चारशे रुपये फक्त शेवटच्या चढाचे. वर्गणी गोळा करताना हा आकडा कुणीच धरत नाही. मग माल गोरखा बजारात पडून राहतो, नाहीतर रस्त्याकडेच्या पहिल्याच गावात उतरवून फोटो काढून मंडळी परत फिरतात. रस्त्यालगतच्या गावांत तीन-तीनदा मदत गेली होती. ट्रकच्या फाळक्यावरून वाटप करणार असाल तर सरळ घरीच थांबा.

विट्याहून न्यायचं काय? प्लास्टिकचा कागद, दोर, ब्लँकेट, झाकणाची बादली, पाण्याच्या गोळ्या, डाळ, मीठ, साबण. तांदूळ नेऊ नका, बुटवलला मिळतो आणि त्यांच्या जिभेचा मिळतो. भाकरी, चपात्या, भडंग, ज्वारीचं पीठ अजिबात नको. ते लोक भात-डाळ खाणारे आहेत, पोहे चालतात, तिकडं त्याला चिउरा म्हणतात. जुने कपडे तर नकोच. 1993 साली किल्लारीला गेलेल्यांना रस्त्याकडेचे चिंध्यांचे ढीग आठवत असतील. गोरख्यात वेगळं काही घडलं नाही.

प्लास्टिकच्या कागदात सगळ्यात जास्त फसवणूक होते, आणि ती तिकडं नाही, इकडं. बेदाण्याच्या शेडवर टाकतात तो हलका कागद डोंगराच्या वाऱ्यात दोन आठवडे टिकत नाही. 4 बाय 6 मीटरचा, 200 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 200 ग्रॅम भरणारा घ्या. दुकानदार छापील पट्टी दाखवेल, तुम्ही काटा मागा. 24 चौरस मीटरचा हा कागद 4.8 किलो भरला पाहिजे. 3.6 भरला तर तो 150 चा आहे, आणि त्याला 200 चे पैसे तुम्ही देताय. गठ्ठ्यातला वरचा नाही, मधला काढून तोला. घरटी दोन लागतात. माणशी साडेतीन चौरस मीटर आच्छादित जागा हे किमान माप धरतात, पाच माणसांना साडेसतरा. एक कागद मध्ये दोर लावून दोन्हीकडे उतरवला की खाली तेवढी जागा राहत नाही. एक छताला, दुसरा कापून आडोशाला आणि खाली अंथरायला.

कागदाच्या कडेच्या रिंगांवर भिस्त ठेवू नका, पहिल्या वादळात त्या फाटून निघतात. कोपऱ्यापासून वीतभर आत कागदाखाली लिंबाएवढा गोल खडा धरायचा, कागदाचा गोळा करून खड्याच्या मानेला दोराची गाठ मारायची. कागदाला भोक पडत नाही आणि ताण पसरतो. घरटी 6 मिलिमीटरचा 20 मीटर नायलॉन दोर लागतो. पाच घरांमागे हत्यारांचा एक संच द्या: पहार, फावडं, हातोडी, करवत, पक्कड, दोन किलो खिळे, बाइंडिंग तार. पडलेल्या घरांची लाकडं तिथंच असतात, ती काढायला हत्यारं लागतात, आपले हात नाहीत. पत्रा नेऊ नका. नेपाळात पत्र्याचा बंडल 72 फुटांचा असतो, म्हणजे 8 फुटी 9 पत्रे किंवा 6 फुटी 12. लागलाच तर भैरहवा-बुटवलकडे घ्या, आणि गेज पावतीवर लिहून घ्या.

किटचं वजन 18 किलो ठेवायला कारण आहे. ट्रॅक्टर थांबतो तिथून पुढं घरापर्यंत ते डोक्याला नाम्लोची पट्टी लावून पाठीवरच्या डोकोतनं (टोपलीतनं) जातं, आणि नेणारी बहुतेक वेळा बाई असते. चौकोनी खोका डोकोत बसत नाही. खोक्यात भरू नका, पोत्यात भरा, बादली वरच्या बाजूला.

धक्क्यानंतर बरेच झरे गढूळ झाले, काही आटले. गढूळ पाण्यात क्लोरीनची गोळी टाकणं म्हणजे गोळी वाया घालवणं. आधी चार पदरी कपड्यातून गाळा, निवळू द्या, मग 20 लिटरच्या बादलीला 67 मिलिग्रॅमची एक गोळी आणि अर्धा तास झाकण. पिण्यापुरती रोज एक बादली धरली तर महिन्याला 30 गोळ्या. शाळेच्या टाकीसाठी ग्रामपंचायतीत वापरतो तीच टीसीएल (ब्लीचिंग पावडर), हजार लिटरला 5 ग्रॅम. पोतं फुटलेलं असेल तर तिचा जोर गेलेला असतो, म्हणून पाण्यातलं क्लोरीन तपासायचं ओटी टेस्टचं किट बरोबर ठेवा. टीसीएल ट्रकमध्ये डाळीच्या शेजारी ठेवू नका.

वाटपाचे कागद. 2015 मध्ये नेपाळ सरकारनं एकद्वार धोरण लावलं होतं, म्हणजे मदत जिल्हा समितीमार्फतच. गोरखा बजारात प्रमुख जिल्ला अधिकाऱ्याच्या कार्यालयात जाऊन गाविस (गाव विकास समिती, 2017 पर्यंतची तिकडची ग्रामपंचायत) नेमून घ्या, मग त्या गाविसच्या सचिवाकडून वॉर्डवार यादी. गाविसला नऊ वॉर्ड असत, एका वेळी एकाच वॉर्डाला बोलवा, आदल्या दिवशी टोकन वाटा. यात एक दिवस जातो. तो टाळणाऱ्यांचा माल वाटेत अडवला जातो आणि मग दोन दिवस जातात.

काठमांडूत आपल्या खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली (सोनं-चांदी गाळणारी) मंडळी आहेत. भन्सारचा (कस्टम्सचा) फॉर्म, सिमकार्ड, भाषा यासाठी त्यांच्यासारखा आधार नाही, निघण्याआधीच फोन करा. डोंगरातल्या रस्त्याचं मात्र त्यांना विचारू नका. ते शहरातले आहेत, आणि भिडेखातर "जाते गाडी" म्हणून मोकळे होतात.

2015 मध्ये शंभरच्याच नोटा न्याव्या लागत. मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट ठेवा, आधार तेव्हा चालत नव्हतं. मालाची यादी नग आणि वजनासकट, पाच प्रती, प्रत्येकीवर "विक्रीसाठी नाही". प्लास्टिकच्या कागदाला आणि तंबूंना तेव्हा भन्सारमध्ये सूट होती, बाकीच्या वस्तूंवर वाद होई, म्हणून यादीत कागद सगळ्यात वर लिहा आणि ट्रकमध्ये तो मागच्या बाजूला ठेवा, फाळका उघडला की आधी तोच दिसला पाहिजे.

नारायणगढ ते मुग्लिन हा 36 किलोमीटरचा टप्पा काठमांडूकडे जाणाऱ्या मालाचा मुख्य गळा आहे. दरड आली की तासन्‌तास खोळंबा. तो सकाळी पार करा. मुग्लिनहून आँबुखैरेनी, तिथून उजवीकडे 24 किलोमीटरवर गोरखा बजार. रात्री झोपताना भिंतीपासून आणि उभ्या कड्यापासून लांब, उघड्या शेतात. कोयनेचे हादरे अंगवळणी पडलेली पाटण-कराडची माणसं इथं फाजील धीट होतात.

पावसाळा साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तिकडं पोचतो. त्यानंतर बलुव्याच्या वर ट्रॅक्टरही जाणार नाही, खेचरं आणि पाठी एवढंच. तेव्हा तोवर ट्रक सीमेवर पोचत नसेल तर माल भरू नका, पैसे पाठवा. पडलेल्या घराला नेपाळ सरकारनं 2015 मध्ये तात्पुरत्या निवाऱ्यासाठी 15,000 एनसी जाहीर केले होते, पत्र्यासाठी त्यात भर घातली तरी काम होतं. आणि रिकामा ट्रक परत आणताना आत शिरतानाची भन्सारची पावती ड्रायव्हरच्या खिशात नाही, तुमच्या खिशात ठेवा. ती हरवली की गाडी सोनौलीला पोचायच्या आधी नेपाळातच उभी राहते.