न्यूयॉर्कचं जुनं स्टेकहाऊस: मांस चोख, पण भाव विचारल्याशिवाय हो म्हणू नका

250 डॉलरचा अंदाज बांधून बसलेल्या दोघांच्या टेबलावर 405 डॉलरचं बिल आलं. जागा मॅनहॅटनच्या मिडटाऊनमधली, गोमांसाचे जाड काप भाजून देणारं जुनं स्टेकहाऊस. गडद लाकडी भिंती, पांढरे टेबलक्लॉथ, वयस्कर वेटर. मांसात खोट काढायला जागा नव्हती. घोळ झाला तो वेटरने तोंडी विचारलेल्या दोन प्रश्नांत, आणि हेच प्रश्न तुम्हालाही विचारले जाणार आहेत.

पहिला प्रश्न: "स्टिल की स्पार्कलिंग?" म्हणजे पाणी साधं की फसफसतं. यातलं काहीही म्हणालात तरी विकतची बाटली फुटते. 12 डॉलरला एक, आणि ती संपत आली की न विचारता दुसरी. उत्तर द्यायचं "टॅप वॉटर". न्यूयॉर्कचं नळाचं पाणी उत्तम असतं, बर्फ घालून देतात आणि फुकट असतं. ते मागण्यात काडीचाही कमीपणा नाही, शेजारच्या टेबलावर सूटबूटवालेही तेच पीत असतात.

दुसरा प्रश्न: "आजचं स्पेशल सांगू?" मग तो पाच-सहा पदार्थ घडाघडा सांगतो, भाव मात्र एकाचाही नाही. कोळंबी, कालवं, लॉब्स्टर रचलेला सीफूड टॉवर "दोघांना पुरेल एवढाच आणतो" म्हणून आला तो 96 डॉलरचा. मेनूवर "एमपी" लिहिलेलं दिसलं की तो बाजारभाव, म्हणजे आकडा वेटरच्या तोंडात. "हाऊ मच इज दॅट?" एवढं वाक्य पाठ ठेवा आणि प्रत्येक तोंडी पदार्थाला वापरा. वाग्यूचंही (जपानी जातीच्या गुरांचं चरबीदार मांस) तेच: तो औंसावर (सुमारे 28 ग्रॅम) विकतात, वर किमान किती औंस घ्यायचे याची अट असते. इथे वाग्यू घेऊच नका. जुन्या स्टेकहाऊसची खासियत दुसऱ्या मांसात आहे.

आता हिशेब. दोघांचा पोर्टरहाऊस (हाडासकट मोठा स्टेक) 140, दोन साइड (सोबतचे पदार्थ) 36, एक सलाड 18, मिळून 194. त्यावर 8.875 टक्के कर आणि 20 टक्के टिप धरली की 250. त्यात पाण्याचे 24 आणि टॉवरचे 96 मिळवा: मूळ रक्कम 314, कर 27.87, टिप 62.80. झाले 404.67. म्हणजे 120 डॉलरच्या बेसावधपणाचे खरे 155 झाले, कारण कर आणि टिप दोन्ही त्याच्यावर चढतात.

बिलाखाली 18, 20, 22 टक्के टिपचे तयार आकडे छापलेले असतात. ते बऱ्याचदा करासकट रकमेवर काढलेले असतात. वरच्याच बिलात 20 टक्क्यांच्या जागी 68.37 छापलं होतं, म्हणजे साडेपाच डॉलर जास्त. टिप कराआधीच्या रकमेवर काढा. सोपा मार्ग म्हणजे कराची दुप्पट, ती पावणेअठरा टक्के होते, वर थोडं घाला. सहा-आठ जण असाल तर "ग्रॅच्युइटी" (म्हणजे टिपच) बिलात आधीच धरलेली असू शकते आणि तरीही खाली टिपची ओळ रिकामी सोडलेली असते. ती ओळ भरण्याआधी वरचं बिल ओळीओळीने वाचा. मात्र राग टिपवर काढू नका. वेटरची मिळकत टिपवरच उभी असते. भावाबद्दल भांडायचं तर मॅनेजरला बोलवा.

भारतातलं कार्ड नेणार असाल तर निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार चालू करा. 2020 च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमापासून नव्या कार्डांवर ते बंदच असतात. मशीनने "रुपये की डॉलर" विचारलं तर डॉलर. रुपये निवडलेत तर दर मशीनवाल्यांचा लागतो आणि तो महाग पडतो. कार्ड आधी टिपशिवायच्या रकमेला लागतं, टिप नंतर चढते, त्यामुळे पहिला एसएमएस कमी रकमेचा दिसेल. सही केलेल्या पावतीवर एकूण रक्कम स्वतःच्या हाताने लिहा आणि तिचा फोटो घेऊन ठेवा.

आता मांस. घ्यायचा तो पोर्टरहाऊस. टी आकाराच्या हाडाच्या एका बाजूला स्ट्रिप (पाठीचं चवदार मांस), दुसऱ्या बाजूला टेंडरलॉइन (कण्याखालचं मऊ मांस). टेंडरलॉइनची बाजू किमान सव्वा इंच रुंद असेल तरच त्याला पोर्टरहाऊस म्हणायचं. नुसता फिले, म्हणजे एकटं टेंडरलॉइन, मऊ असतो, पण चवीला फिका, या भावात तो घेणं म्हणजे पैसे वाया. मेनूवरचं वजन कच्च्या मांसाचं, हाडासकट असतं. 42 औंस म्हणजे जवळपास 1,190 ग्रॅम. हाड, चरबी आणि आटलेलं पाणी वजा जाता निम्म्याहून थोडं जास्त पोटात जातं. तरीही "दोघांचा" तिघांना पुरतो, साइड दोघांत एक बास. फक्त वाटून खाण्याचे वेगळे पैसे लावतात का, ते आधी विचारा.

हे मांस "ड्राय एज" केलेलं असतं. ड्राय एज म्हणजे मांसाचे मोठे तुकडे शून्याच्या जरा वरच्या तापमानाला, वाहत्या हवेत तीन-चार आठवडे ठेवणं. पाणी उडतं, मांसातलीच विकरं तंतू सैल करतात, चवीला सुकामेवा आणि जुन्या चीजची झाक येते. बाहेरचा वाळलेला थर कापून टाकावा लागतो. भाव चढतो तो या घटीमुळे, आणि तो रास्त आहे.

आपल्याकडचे बहुतेक जण इथेच चुकतात. महाराष्ट्रात 2015 पासून बैलाचंही मांस बंद आहे. मिळतं ते म्हशीचं, त्यात आतली चरबी कमी, म्हणून ते शिजवून शिजवून खायची सवय. गोव्याच्या शॅकमधला स्टेक पातळ आणि सॉसखाली झाकलेला. त्याच सवयीने इथे "वेल डन" (पूर्ण शिजलेलं) सांगितलंत तर आधीच पाणी कमी झालेलं मांस 71 अंशांच्या वर जाऊन चिवट होतं, आणि 140 डॉलर गेले. मीडियम रेअर म्हणजे आत 54 ते 57 अंश, मीडियम 60 च्या आसपास. लाल रस बघून बिचकू नका, ते रक्त नसतं, मायोग्लोबिन नावाचं प्रथिन मिसळलेलं पाणी असतं.

पोर्टरहाऊस काप करूनच येतो, तापलेल्या थाळीत. थाळीच्या एका कडेखाली बशी उपडी घालतात, त्यामुळे लोणी आणि चरबी उताराला साचते आणि वेटर ती चमच्याने कापांवर सोडतो. ही थाळी चरचरत असते, म्हणजे मांस तुमच्यासमोरही शिजत असतं. म्हणून हवं त्याच्या एक पायरी अलीकडचं सांगा. कुणाला जास्त शिजलेलं हवं असेल तर त्याने आपला काप थाळीच्या गरम कडेला अर्धा मिनिट दाबून धरायचा. टेंडरलॉइनचे काप आधी संपवा, ते लवकर निवतात.

कुठे जायचं? फक्त स्टेकच खायचा असेल तर ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्गमधलं पीटर लुगर, 1887 चं. उतरायचं मार्सी ॲव्हेन्यू स्टेशनला. ते वर्षानुवर्षं क्रेडिट कार्ड घेत नसत, तेव्हा टेबल राखतानाच फोनवर विचारा आणि रोकड जवळ ठेवा. गाय न खाणारा कुणी बरोबर असेल तर 36 व्या रस्त्यावरचं कीन्स, 1885 चं. तिथलं नाव मटन चॉपचं आहे. हे आपलं बोकडाचं मटण नव्हे, मेंढीवर्गातलं, पाठ-कमरेचं, हाडासकट, एकट्याला जड जाईल एवढं. मान वर करा: छताला मातीच्या लांब दांड्यांचे हजारो पाइप लटकलेले आहेत. प्रवासात दांडी मोडते म्हणून गिऱ्हाइकं आपला पाइप इथेच ठेवून जात. पूर्वी इथे बायकांना प्रवेश नव्हता. 1905 मध्ये नटी लिली लँगट्री कोर्टात गेली आणि जिंकली.

शाकाहारी सोबत असेल तर त्याची फसगत ठरलेली. सीझर सलाडमध्ये अँकोव्ही मासळी, कांद्याच्या सुपात गोमांसाचा रस्सा, हॅश ब्राऊन (बटाट्याचा परतलेला किस) कधी चरबीत परतलेले, क्रीम्ड स्पिनचमध्येही (क्रीममधला पालक) कधी बेकन, म्हणजे डुकराचं मांस. प्रत्येकाबद्दल वेगळं विचारा. भरवशाचा म्हणावा तर नुसता भाजलेला बटाटा, बेकनचे तुकडे वगळून.

गोडाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, तेव्हा पोटात जागा नसते. कोट ठेवायला दिलात तर नगामागे दोनेक डॉलर सुटे लागतात. जेवणानंतरचं नाटकाचं तिकीट काढू नका, झोप लागेल. मार्सी ॲव्हेन्यूला रूळ वर आहेत आणि भरल्या पोटी ते जिने नकोसे होतात, टॅक्सी करा.

उरलेलं हाडासकट पार्सल मागा, सगळेच मागतात. दोन तासांच्या आत हॉटेलच्या फ्रिजमध्ये टाका. सकाळी मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, चामडं होतं. थंडच पातळ चिरा आणि मोहरी लावून ब्रेडमध्ये घाला.