पाचशे बारा किलोची पट्टी

आठवीच्या गणितात ‘सूट व कमिशन’ हा धडा आहे. त्या दिवशी मी पुस्तकातली उदाहरणं बाजूला ठेवली आणि फळ्यावर आपल्याच सोलापूरच्या मार्केट यार्डातल्या एका हिशोबपट्टीचे, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाच्या पावतीचे, आकडे मांडले. फेब्रुवारी २०२३ मधली ही पट्टी तेव्हा देशभर गाजली होती. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं ५१२ किलो कांदा आणला, भाव लागला किलोला १ रुपया. गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाऊन उरले २ रुपये ४९ पैसे. चेक मिळाला २ रुपयांचा, तोही पुढच्या तारखेचा.

“मॅडम, पॉइंट चुकलाय,” मागच्या बाकावरून आवाज आला. चुकला नव्हता.

माझ्या वर्गातली बरीचशी मुलं शहराच्या पूर्व भागातली. घरात कुणी यंत्रमागावर, कुणी विड्या वळणारं. कांदा रोज खातात, पण शेतातला कांदा फार थोड्यांनी पाहिलेला. त्यामुळे पहिला प्रश्न अगदी रास्त होता : एवढा कमी भाव, मग परत का नाही नेला?

इथं मी गणित थांबवलं. आधी रोपं तयार करायची, मग लावण, खुरपणी, काढणी; बी टाकल्यापासून साडेचार-पाच महिने जातात. फेब्रुवारीच्या दिवसांत येतो तो लाल कांदा. त्यात पाणी जास्त, तो उन्हाळी कांद्यासारखा साठवणीच्या चाळीत महिनोन्‌महिने टिकत नाही. परत न्यायचा तर पुन्हा भाडं, आणि घरी नेऊन तो सडणार. यार्डात आलेला माल विकण्यावाचून गत्यंतर नसतं, हे मुलांना तेव्हा उमगलं.

मग सगळा राग कपातीवर निघाला. “हमाली कशाला घ्यायची? त्यांनीच सगळं खाल्लं!” वर्गात एकच गलका. तेवढ्यात एरवी न बोलणारी एक मुलगी उभी राहिली. “माझे पप्पा यार्डातच हमाल आहेत. पोती काय फुकट उचलायची का?”

वर्ग गप्प. मी तिला बसवलं नाही, बोलू दिलं. तीच पुढं म्हणाली, “कांदा महाग असू दे नाहीतर स्वस्त, पोत्याचं वजन तेवढंच असतंय की.”

अख्ख्या धड्याचं मर्म तिनं एका वाक्यात सांगितलं होतं. कपात ५०९ रुपये ५१ पैसे. मी म्हटलं, आता हाच भाव २० रुपये धरा. मुलांनी मांडलं : १०,२४० मधून तेवढीच कपात गेली तर ९,७३०.४९ उरतात. एका भावाला कपात शेकडा पाच, दुसऱ्याला जवळजवळ शंभर. भाडं आणि मजुरी वजनावर ठरते, भाव मात्र आवकेवर आणि मागणीवर हलतो. पडत्या भावाचा सगळा भार एकट्या शेतकऱ्यावर येतो, आणि त्यात हमालाचा दोष नसतो.

शाळेच्या परसबागेत मेथी-कोथिंबीर लावतात, ते मला मनापासून आवडतं. पण बी रुजताना पाहणं हे निम्मंच शेतीशिक्षण झालं. शहरातल्या मुलाला पट्टी वाचता आली पाहिजे, असं मला आता ठामपणे वाटतं. खेड्यातल्या मुलालाही, कारण पट्टी त्याच्या घरात येते पण ती बहुधा मोठ्यांच्या खिशातच राहते. डाळिंबाच्या, मालदांडी ज्वारीच्या पट्ट्याही आता मी पालकांकडून मागवते आहे.

तास संपता संपता एका मुलानं विचारलं, “दोन रुपये मिळाले, तर पुढच्या वेळी बियाणं कशातून आणणार?”

उसनवारी, सोसायटीचं कर्ज, सावकार, असं मुलांनीच सांगितलं. चक्रवाढ व्याजाचा धडा पुस्तकात बराच पुढं आहे. मी तो दुसऱ्याच दिवशी घेतला.