फणसाचा वाडगा

रविवार, रात्री

"काय सुंदर लाकूड आहे गं!" मामी म्हणाली. दुपारपासून तेवढंच डोक्यात घोळतंय. वाईट काही बोलली नाही ती, कौतुकच केलं. मग मला एवढं का लागलं?

तिच्याआधी ज्यांनी ज्यांनी मी कातलेला हा वाडगा पाहिला ते सगळे हेच म्हणाले. हातात घेतला की आधी तो हळदीसारखा रंग, मग रेषा, मग "कुठलं लाकूड?" फणसाचं म्हटलं की डोळे आणखी मोठे. आकाराबद्दल आजवर कुणी अवाक्षर काढलेलं नाही.

मामीने तर आत हात फिरवून पाहिला. मी बघत होते. बोटं काठावरून आत उतरली, भिंतीवरून खाली गेली आणि जिथे भिंत संपून तळ सुरू होतो तिथे जराशी अडली. मग पुढे सरकली. आयुष्यभर काठवटीत पीठ मळलेला हात तो, त्याला कोपरा कळणारच. मामीची श्रीवर्धनची ती काठवट कुणा सुताराने वाकसाने, तासायच्या हत्याराने, कोरलेली, एका अंगाला कललेली, पण आत हात कुठेच थांबत नाही. मामीला कोपरा लागला, आणि ती लाकडाबद्दल बोलली.

तो कोपरा का पडतो ते मला माहीत आहे. लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर, आतून कापताना काठाकडून मध्याकडे यायचं, गाऊजची, म्हणजे पन्हळीसारख्या छिनीची, धारेमागची पाठ लाकडाला टेकवून, धार तिच्या आधाराने चालवायची. भिंत उतरेपर्यंत ते जमतं. वळणावर मात्र मूठ मोठ्या कमानीत फिरवावी लागते, सगळं शरीर वळावं लागतं, आणि तिथेच पाठ सुटते. पाठ सुटली की धार खड्डा घेते किंवा उसळते. त्या भीतीने मी आधीच थांबते, उरलेला तळ वेगळा सपाट करते. मग दोन वळणं होतात, एक होत नाही. पॉलिश पेपर १२० नंबरपासून ३२० नंबरपर्यंत घासला तरी कोपरा फक्त गुळगुळीत होतो. राहतो तिथेच.

बाहेरूनही तेच. मघाशी गळ्यातली साखळी काढली, दोन चिमटीत धरून वाडग्यासमोर सैल सोडली. साखळी आपल्या वजनाने जी कमान घेते ती वाडग्याला शोभते म्हणतात. वरचा अर्धा भाग जुळला. खाली साखळी आत वळली आणि माझा वाडगा सरळ खाली जाऊन बसला. आठ इंचांच्या वाडग्याला चार इंचांचं बूड! तिसरा हिस्सा पुरला असता, पावणेतीन इंच. लेथवर वाडगा पकडणाऱ्या चकाचे जबडे तर दोन इंचांवरही घट्ट धरतात.

इतके महिने सुट्टीचा दिवस म्हणून ठेवला नाही. पार्किंगच्या कोपऱ्यात लेथ, केसांत कीस, सोसायटीच्या तक्रारी. धार लावायला शिकण्यातच किती दिवस गेले. आणि शेवटी कौतुक झाडाचं. झाडाला तर काहीच करावं लागलं नाही, ते नुसतं उभं होतं. हे लिहितानाही घसा दाटून येतोय.

नुसतं उभं होतं असं तरी कसं म्हणू. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा वाडीतलं निम्मं आडवं झालं. नारळ, पोफळी, आणि मागच्या पडवीजवळचा हा फणस. मामानेच करवत्या बोलावून चार चार इंचांच्या फळ्या काढून घेतल्या, "जळणाला द्यायचा नाही" म्हणून. मामा तेव्हा होता. फळ्या कशासाठी हे त्यालाही माहीत नसावं.

मामीने वाडगा बराच वेळ मांडीवर धरला होता. तिला तो आजेसासऱ्यांनी लावलेला फणस दिसत असणार. मी मात्र वाट बघत होते आकाराबद्दल काही बोलेल म्हणून.

आता साखळी समोर ठेवून बसले आहे आणि वाटतंय, बूड रुंद राहिलं ते हात कच्चा म्हणून नाही. निदान तेवढ्यासाठी नाही. कापायला जीवच होत नव्हता. प्रत्येक कापात त्या झाडाचं काहीतरी खाली पडत होतं. भिंत जाड ठेवली, बूड रुंद ठेवलं, जितकं वाचेल तितकं वाचवलं. सावंतवाडीच्या चितारआळीत लेथवर फळं कातताना पाहिलं होतं. तो माणूस लाकडाकडे बघतच नव्हता, खोलीच्या मागच्या भिंतीवर उठून दिसणाऱ्या फळाच्या कडेकडे, आकाराकडे बघत होता. मी सगळा वेळ रेषांकडे बघत होते.

शिकणाऱ्याने पहिले वाडगे मधोमध चिरून बघावेत म्हणतात. भिंत कुठे जाड, वळण कुठे मोडलं, सगळं एका नजरेत दिसतं. हा मी चिरणार नाही. तो प्रश्नच नाही. मामीने "मला देशील?" विचारलं तेव्हा "याहून चांगला करून देते" म्हणाले होते. उद्या फोन करून सांगते, हाच घेऊन जा. तिला हाच हवा होता.

फणसाच्या उरलेल्या फळ्या माळ्यावर राहतील. वखारीत शिवण विचारून ठेवलंय. फिकं, एकसारखं, रेषांनी भुलवणार नाही असं. त्याचे चार तुकडे आणायचे, तीन इंच जाड. तेल नाही, मेण नाही. आतून एकाच दमात काठापासून मध्यापर्यंत यायचं, मूठ न थांबता फिरवत नेत. मग लेथवरून काढला की सरळ करवतीखाली.