बाराव्या दिवसाची स्लाइड

नवजात बाळांच्या विभागातून आमच्या प्रयोगशाळेत आलेली नळी लगेच ओळखू येते. जांभळ्या टोपणाची इवलीशी नळी, तळाशी जेमतेम अर्धा मिली रक्त आणि लेबलवर आईचं नाव, पुढे 'यांचं बाळ'. त्या रात्रीच्या नळीसोबतच्या फॉर्मवर वय होतं १२ दिवस आणि निदानाच्या रकान्यात एकच शब्द, 'सेप्सिस', म्हणजे रक्तात पसरलेला गंभीर जंतुसंसर्ग, पुढे प्रश्नचिन्ह. आईबद्दल एक अक्षर नव्हतं.

मशीनने आकडे दिले. हिमोग्लोबिन ९.१, प्लेटलेट ४१,०००. बारा दिवसांच्या बाळासाठी दोन्ही फारच कमी. संगणकात मागचा रिपोर्ट काढला. दोन दिवसांपूर्वी हिमोग्लोबिन ११.४, प्लेटलेट ६८,०००. रिपोर्टखाली सही माझीच होती.

प्लेटलेट कमी आल्या की मशीनवर विसंबत नाहीत. स्लाइड करून गुठळ्या नाहीत ना ते बघायचं आणि डोळ्यांनी अंदाज घ्यायचा. लीशमनने रंगवून, तेलाचा थेंब टाकून मी शंभरच्या लेन्सखाली स्लाइड सरकवू लागले. सेप्सिस म्हणून शोधत होते पांढऱ्या पेशींमधले गडद दाणे. ते नव्हते. दिसली ती शेजारच्या पेशींपेक्षा फुगलेली एक लाल पेशी. तिच्या आत निळा, वेडावाकडा तुकडा आणि त्यात एक लाल ठिपका.

पहिला विचार आला, प्लेटलेट बसली असेल वर. ही फसगत नेहमीची आहे. लाल पेशीवर प्लेटलेट बसली की तिच्याभोवती फिकट कडा दिसते आणि फोकस जरासा फिरवला की ती पेशीच्या वर आहे हे कळतं. मी फोकस फिरवला. तुकडा वर नव्हता, आत होता. पुढे तीन-चार फील्डनंतर, म्हणजे लेन्समधून एका वेळी दिसणारे तेवढे भाग सरकवल्यावर, दुसरी पेशी सापडली, तिच्यात तपकिरी रंगद्रव्याचे कण. ही मलेरियाच्या जंतूची खूण. लेबल दोनदा वाचलं. नळ्यांची अदलाबदल झाली असेल असंच मला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर तसंच असावं असंही वाटत होतं.

विभागात फोन केला. "सिस्टर, बाळाच्या टाचेतून दोन थेंब हवेत. स्लाइड घेऊन मीच वर येते."

बाळ वॉर्मरखाली होतं. अँटिबायोटिकचा तिसरा दिवस, रक्ताच्या कल्चरमध्ये ४८ तासांत काहीही वाढलं नव्हतं, आणि ताप मात्र उतरून पुन्हा चढत होता. रात्रीच्या डॉक्टरांनी सांगितलं, प्लीहा हाताला लागतेय, बाळ दूध ओढत नाही. टाच टोचली की बाळाने टाहो फोडायला हवा. याने नुसता पाय थोडा आखडला. ते बघून मला कापरं भरलं.

एका काचेवर रक्ताचा पातळ थर, म्हणजे स्मिअर, घेतला, दुसरीवर जाड. खाली छापील कागद धरला तर अक्षरं वाचता यावीत, इतपतच जाड. पातळ स्मिअर रंगवताना या वेळी रंगात मिसळायचं नेहमीचं ६.८ पीएचचं बफर वापरलं नाही, ७.२ चं घेतलं. व्हायवॅक्स या प्रकारच्या मलेरियात फुगलेल्या पेशीवर जे बारीक गुलाबी ठिपके येतात, ते ६.८ मध्ये पुसट राहतात किंवा दिसतच नाहीत. या स्लाइडवर ते स्वच्छ उठले. शंकेला जागा उरली नाही : प्लास्मोडियम व्हायवॅक्स.

फोनवर डॉक्टर क्षणभर काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "अहो मॅडम, बाळ बारा दिवसांचं आहे. डास चावला कधी आणि ताप आला कधी?"

त्यांच्या या प्रश्नातच उत्तर होतं. डासाने टोचलेले जंतू आधी यकृतात जातात, तिथे वाढतात आणि मग रक्तात उतरतात. व्हायवॅक्समध्ये चावल्यापासून ताप यायला साधारण १२ ते १७ दिवस लागतात. या बाळाला ताप आला तो दहाव्या दिवशी. म्हणजे जन्मल्याच्या क्षणी डास चावला असता तरी हिशेब जुळत नव्हता. जंतू आले होते वारेतून. गरोदरपणाच्या अखेरीस किंवा प्रसूतीच्या कळांमध्ये वारेच्या पडद्याला सूक्ष्म चिरा पडतात आणि आईच्या जंतू भरलेल्या लाल पेशी थेट बाळाच्या रक्तात जातात. आईकडून मिळालेली प्रतिपिंडं आणि बाळाचं गर्भातलं हिमोग्लोबिन या जंतूंना काही काळ रोखून धरतात. त्यामुळे जन्मतः बाळ ठणठणीत दिसतं आणि ताप येतो तो बहुधा १० ते ३० दिवसांनी, कधी आणखी उशिरा. तोवर सगळ्यांच्या डोक्यात सेप्सिसच असतं, कारण लक्षणंही तीच : ताप, पिवळेपणा, निस्तेज चेहरा, दूध न ओढणं.

"आईचं रक्त पाठवा," मी म्हटलं, "आणि गरोदरपणात ताप आला होता का, एवढं विचारा."

आला होता. सहाव्या महिन्यात थंडी वाजून ताप, तपासणीत व्हायवॅक्स, क्लोरोक्विन देऊन बरा केलेला. मग नवव्या महिन्यात पुन्हा दोन दिवस कणकण. तापाची गोळी घेतली, ताप गेला, आणि त्या वेळी कोणीही रक्त तपासलं नाही. व्हायवॅक्सचे काही जंतू यकृतात झोपून राहतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी उठतात. त्यांना मारणारं प्रायमाक्विन गरोदर बाईला देता येत नाही. बाळात जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असेल तर त्याच्या लाल पेशी फुटण्याची भीती असते. अशा बाईला प्रसूतीपर्यंत आठवड्याला एकदा क्लोरोक्विन चालू ठेवण्याचा विचार करावा, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. हिला ते मिळालं नव्हतं. पहाटे चारच्या सुमारास तिची स्लाइड बघितली. जंतू होते. थोडेच, पण होते.

मग दोन दिवसांपूर्वीची बाळाची स्लाइड मी ट्रेमधून काढली. आमच्याकडे स्लाइड आठवडाभर ठेवतात. प्लेटलेट मोजायला तेव्हा मी दहा-बारा फील्ड बघितले होते, त्यात काही नव्हतं. आता कडेपासून कडेपर्यंत वाचली. जंतू असलेली पेशी सापडायला वीस मिनिटं लागली. एकच, ठिपके पुसट, पण व्हायवॅक्सच. ज्या दिवशी बाळाचं हिमोग्लोबिन ११.४ होतं, त्या दिवशीही ती पेशी त्या काचेवर होती. सकाळी पॅथॉलॉजिस्ट मॅडम आल्या तेव्हा दोन्ही स्लाइड शेजारी ठेवून मी त्यांना दाखवल्या. त्या म्हणाल्या, फॉर्मवर विचारलं नव्हतं, एवढ्या फील्ड कोणी बघत नाही. त्यांचं म्हणणं खरं आहे. तरी ते दोन दिवस माझ्या मनातून जात नाहीत.

उपचार तसा साधा होता. पहिल्या दिवशी किलोला १० मिलिग्रॅम क्लोरोक्विन, दुसऱ्या दिवशी १०, तिसऱ्या दिवशी ५. बाळाचं वजन २.७ किलो, म्हणजे लागणार २७ मिलिग्रॅम, आणि हाताशी गोळी १५० मिलिग्रॅमची. फार्मासिस्टने ती कुटून, पाण्यात मिसळून सिरिंजने मोजून दिली. इतक्या लहान जिवांचा विचार औषध बनवताना फार उशिरा झाला. पाच किलोखालच्या बाळांसाठी खास बनवलेल्या मलेरियाच्या पहिल्या औषधाला स्वित्झर्लंडमध्ये मान्यता मिळाली ती २०२५ च्या जुलैमध्ये, आणि तेही फाल्सिपेरम या दुसऱ्या प्रकारच्या मलेरियासाठीचं. बाळाला प्रायमाक्विनची गरज नव्हती. त्याला जंतू मिळाले ते थेट रक्तातून. त्याच्या यकृतात झोपलेलं कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई प्रयोगशाळेच्या खिडकीशी आली. अंगावर शाल, हातात स्वतःच्या रिपोर्टची पावती. रिपोर्ट घेतला आणि तिथेच उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "ताई, माझ्या दुधातून गेलं का त्याला? मी कालपासून पाजलंच नाही."

मी बाहेर गेले, तिला बाकावर बसवलं. मलेरिया दुधातून जात नाही, हे मी तिला तीन वेळा सांगितलं. तो रक्तातून जातो, आणि तुमची चूक म्हणावी असं यात काही नाही. तुम्ही ताप सांगितला होता, रक्त तपासायला हवं होतं ते आमच्यासारख्यांनी. ती बराच वेळ रडली. मग मीच तिला वर घेऊन गेले आणि सिस्टरना म्हटलं, यांना बाळाजवळ बसू द्या.

उपचाराच्या चौथ्या दिवशी सकाळी बाळाचा जाड स्मिअर घेतला. शंभर फील्ड बघून थांबले असते तरी चाललं असतं, मी दोनशे बघितल्या. रिपोर्टमध्ये लिहिलं : मलेरियाचे जंतू आढळले नाहीत. प्लेटलेट ९६,००० वर आल्या होत्या. टाच टोचताना बाळ इतकं रडलं की सिस्टर हसायला लागल्या.

आईची स्लाइडही त्या दिवशी कोरी होती, पण तिच्या यकृताचं काय ते रक्तात दिसत नाही. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत तिला प्रायमाक्विन नाही, त्यानंतरही दोघांची जी-सिक्स-पीडी तपासणी करूनच. तोवर दर आठवड्याला क्लोरोक्विन आणि ताप आलाच तर त्याच दिवशी रक्त. पाठपुराव्याच्या वहीत बाळाच्या नावापुढचे सगळे रकाने भरले आहेत. आईच्या नावापुढे सहावा महिना लिहून ठेवलाय.