मालक कोण, एवढेच विचारावे

शिकवणीतल्या एका मुलीच्या वहीत परवा ‘रवी अँड हर सिस्टर’ असे वाक्य सापडले आणि चूक नेमकी कोठून आली, हे मला लगेच उमगले. ‘त्याची बहीण’ म्हणताना आपला ‘ची’ बहिणीच्या लिंगाप्रमाणे चालतो. इंग्रजीत मात्र ‘हिज’ किंवा ‘हर’ हे केवळ मालकाकडे पाहून ठरते, मग पुढे बहीण असो वा भाऊ. हा फरक पहिल्याच दिवशी सांगायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

अ‍ॅपॉस्ट्रॉफीचेही तसेच आहे. आधी मालकाचे नाम पूर्ण लिहावे आणि मगच चिन्ह द्यावे: मुलगा एक असेल तर ‘बॉय’नंतर चिन्ह व मग एस, मुले अनेक असतील तर ‘बॉइज’मधल्या एसनंतर केवळ चिन्ह, ‘चिल्ड्रन’ला मात्र शेवटी एस नसल्याने चिन्ह आणि एस दोन्ही लागतात. जुन्या इंग्रजीत अनेक नामांच्या षष्ठीला ‘ईएस’ हा प्रत्यय लागे. त्यातला ई गळाला आणि पुढे त्या जागी हे चिन्ह रूढ झाले.

‘इट्स’पाशी मात्र चांगले लिहिणारेही अडखळतात. चिन्ह असेल तर ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’, नसेल तर ‘त्याचे’. सतराव्या-अठराव्या शतकांत ‘त्याचे’ या अर्थीही चिन्ह छापले जात असे, म्हणून हा गोंधळ मला अक्षम्य वाटत नाही. वहीत मी त्याखाली रेघ ओढते आणि वाक्य ‘इट इज’ घालून मोठ्याने वाचायला सांगते.