शेवटच्या गाडीनंतर

टोकियोत आमच्या निशिकासाईतल्या लाँड्रीच्या बाई कपड्यांच्या खिशात सापडलेली प्रत्येक वस्तू पारदर्शक पिशवीत घालतात, वर तारीख लिहितात आणि धुतलेल्या कपड्याबरोबर परत करतात. हिवाळा संपला म्हणून टाकलेला जाड कोट आणायला मी परवा दुपारी गेले, तेव्हा त्यांनी अशीच एक पिशवी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. आत रोप्पोंगीतल्या एका नाइटक्लबचे, न वापरलेले, एका पेयाचे कूपन होते. बाईंच्या चेहऱ्यावर कसलीही उत्सुकता नव्हती. आपल्याकडच्या एखाद्या इस्त्रीवाल्या काकांनी निदान एक भुवई उंचावली असती, आणि संध्याकाळपर्यंत सोसायटीत चार जणांना ठाऊक झाले असते.

हे कूपन प्रवेशाच्या पैशांतच मिळते. दोन-तीन हजार येन मोजायचे, बायकांना बहुतेक ठिकाणी कमी, कुठे अजिबात नाही. दारावरच्या माणसाला रेसिडेन्स कार्ड दाखवायचे, त्याने ते दोन्ही बाजूंनी निरखायचे आणि वीस वर्षे पूर्ण झाल्याची खात्री करून मनगटावर शिक्का मारायचा. परदेशी माणसाने हे कार्ड सतत जवळ बाळगावे असा इथला कायदाच आहे, त्यामुळे ते घरी राहिले अशी सबब परदेशी माणसाला शोभत नाही. मग शंभर येनची नाणी टाकून लॉकरमध्ये कोट आणि पर्स कोंबायची, आणि पायऱ्या उतरून तळघरात जायचे. मी दारू घेत नाही आणि गारठ्यात बर्फ घातलेले जिंजर एल घशाला मानवत नाही, म्हणून माझी कूपने अशीच खिशात राहतात. नाचही मला बेताचाच येतो. मग मी तिथे जाते कशाला, असे माझी आई फोनवर विचारते, आणि सहकाऱ्यांच्या आग्रहाखातर जाते असे मी तिला सांगते. ते अर्धे खरे आहे.

उरलेले अर्धे असे, की मला तिथली बारा ते साडेबारा ही वेळ फार आवडते. टोकियोच्या भुयारी गाड्या मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात बंद होतात आणि पहाटे पाचच्या सुमारास पुन्हा सुरू होतात. रोप्पोंगीहून मला हिबिया मार्गाने कायाबाचोला जाऊन तिथे तोझाई मार्ग धरावा लागतो, म्हणजे दोन शेवटच्या गाड्यांचे गणित जुळवायचे. टॅक्सीने गेले तर रात्रीचा वीस टक्के अधिभार धरून सहा-सात हजार येन सहज जातात. त्यामुळे पावणेबारा वाजले की क्लबमधल्या गर्दीतून हळूहळू फोनचे पडदे उजळू लागतात. आपण जाणार की राहणार, हे प्रत्येकाला त्या अर्ध्या तासात ठरवावे लागते. ज्यांना घरी वाट पाहणारे कोणी आहे, ज्यांचे घर साइतामा किंवा चिबाकडे लांब आहे, ते झुकून निरोप घेतात, लॉकर उघडतात आणि जिन्यावरून वर धावत सुटतात. साडेबारानंतर खाली उरतात ते पहाट होईपर्यंत एकमेकांच्या पदरी पडलेले लोक, आणि त्यांत परदेशी माणसांचे प्रमाण एकदम वाढलेले दिसते, कारण या शहरात आमची वाट पाहणारे मुळात कमी. वाजणारी गाणी तीच असतात, पण साडेबारानंतर आवाज बदलल्यासारखा वाटतो. आता कोणालाही घाई नसते.

मी या शहरात आले तेव्हा तर हे सारे बेकायदेशीर होते. गिऱ्हाइकांना नाचू द्यायचे असेल तर वेगळा परवाना घ्यावा लागे आणि परवाना असला तरी मध्यरात्रीला, फार तर एक वाजता, दुकान बंद करावे लागे, असा 1948 सालचा कायदा होता. युद्धानंतरच्या काळात नृत्यगृहांच्या आडून चालणाऱ्या वेश्याव्यवसायाला आळा घालण्यासाठी तो केलेला. पुढे अनेक वर्षे पोलिसांनी त्याकडे काणाडोळा केला आणि 2010 नंतर एकाएकी धाडी पडू लागल्या. भिंतींवर ‘कृपया नाचू नये’ अशा पाट्या लागल्या. मोठ्या आवाजात संगीत लावायचे, दिवे मंद करायचे, आणि खांदे जरा जास्त हलू लागले की एका नम्र मुलाने येऊन कानाशी विनंती करायची, हा प्रकार मी पाहिला आहे. कंबर हलवणे म्हणजे नाच की नाही, यावर ओसाकात खरोखरच खटला चालला. तिथल्या ‘नून’ नावाच्या क्लबवर 2012 साली धाड पडली. त्याच्या मालकाला 2014 मध्ये जिल्हा न्यायालयाने निर्दोष ठरवले आणि 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवले. नाचू द्या म्हणून दीड लाखाहून अधिक लोकांनी सह्या केल्या. शेवटी जून 2016 पासून सुधारित कायदा लागू झाला आणि रात्रभर नाचायला परवानगी मिळाली. अट एवढीच, की आतला उजेड दहा लक्सपेक्षा अधिक हवा, म्हणजे मध्यंतरात चित्रपटगृहात असतो साधारण तेवढा. महाराष्ट्रात 2005 साली डान्सबारवर बंदी आली आणि 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रद्द धरली, ते सारे वाचत मोठ्या झालेल्या मला यात नवल वाटायला नको होते. पण आपल्याकडे नाचणाऱ्या बायकांचे पोट त्या बंदीत अडकले होते आणि इथे पैसे देऊन आत आलेल्या गिऱ्हाइकाचे पाय. उजेड मोजण्याचे यंत्र घेऊन नाचघरात शिरणाऱ्या सरकारी माणसाची मला मात्र फार दया येते.

रोप्पोंगी परदेशी माणसांची झाली तीही युद्धामुळेच. तिथे जपानी सैन्याच्या बराकी होत्या, त्या अमेरिकन सैन्याने ताब्यात घेतल्या. सैनिक आले तसे बार आले, पिझ्झा आला, आसपास वकिलाती होत्याच. बराकींपैकी एक तुकडा आणि हेलिकॉप्टर उतरण्याची जागा अजूनही अमेरिकेकडे आहे. चौकातल्या गुलाबी पट्ट्यांच्या ‘अमांद’ कॉफीघरापुढे भेटायचे ठरवणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असते, कोण जाणे. ज्यांना संगीत खरोखर कळते ते शिबुयाला ‘वूम्ब’मध्ये जातात आणि रोप्पोंगीला नाक मुरडतात, शिन्किबाचे भलेमोठे ‘आगेहा’ तर 2022 च्या जानेवारीत बंदच झाले. मला संगीत कळत नसल्यामुळे माझे रोप्पोंगीत छान चालते.

तिथे ओळख होते ती तीन प्रश्नांवर: कुठली, काय करतेस, किती दिवस राहणार. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. आमचे व्हिसा एक, तीन किंवा पाच वर्षांचे असतात. कंपनीची बदली, शिष्यवृत्तीची मुदत, शाळेत इंग्रजी शिकवण्याचा करार, प्रत्येकाच्या पाठीवर एक तारीख छापलेली असते. त्यामुळे क्लबमधल्या निम्म्या मेजवान्या निरोपाच्या असतात. जाणारा माणूस आपला भातकुकर आणि सायकल कोणाला तरी देऊन टाकतो, सगळ्यांना मिठ्या मारतो आणि सोमवारी विमानात बसतो. दोन-तीन वर्षांनी त्याच तळघरात उभे राहिले तर ओळखीचा चेहरा फक्त बारमागच्या माणसाचा असतो.

अशाच एका निरोपाच्या रात्री आमच्या ऑफिसातल्या साताऱ्याच्या मुलाने जी बहार केली ती सांगितलीच पाहिजे. दिवसभर हा मुलगा तोंडातून शब्द काढत नाही. रात्री दोनच्या सुमारास त्याने खिशातून हातरुमाल काढला, चौकोनी घडी उलगडून एक टोक दातांत धरले, दुसरे दोन्ही हातांत ताणून त्याची पुंगी केली आणि तो गुडघ्यांवर बसला. पुढचे मराठी वाचकाला सांगायला नको. आपला एक अभियंता लगोलग नागीण होऊन फरशीवर लोळू लागला. ते टेक्नो संगीत त्या ठेक्याला कसे जुळले देव जाणे, पण पाच मिनिटांत भोवती कडे झाले, आणि एक उंच, पिंगट दाढीचा तरुण माझ्याजवळ येऊन गंभीरपणे विचारू लागला की हे धार्मिक आहे का. मी म्हटले, एका अर्थी. मग त्यानेही रुमाल मागितला. निरोप खरे तर त्याचाच होता. पुढच्या आठवड्यात तो दक्षिण कोरियात, सोलला चालला होता. त्याने स्वतःचे नाव मला तीनदा ओरडून सांगितले, आणि तिन्ही वेळा ते त्या ढमढमाटात विरून गेले. चौथ्यांदा विचारणे बरे दिसले नसते.

नाव नसलेल्या ओळखीचे मला लहानपणापासून कौतुक आहे. माझे बाबा मुंबईत एका वर्तमानपत्राच्या छापखान्यात रात्रपाळीला होते आणि आम्ही डोंबिवलीला राहायचो. पाळी संपायची तेव्हा शेवटची लोकल गेलेली असायची, म्हणून ते पहिल्या लोकलने परतायचे. एका मे महिन्यात मी हट्ट धरून त्यांच्याबरोबर गेले. यंत्राच्या खडखडाटाने जमीन पायाखाली थरथरत होती आणि शाईचा वास जिभेवर लागत होता. नुकत्याच छापून बांधलेल्या अंकांच्या गठ्ठ्यावर मी झोपले, तर तो गठ्ठा पाठीला कोमट लागत होता. नंतर बाबांनी मला उठवून व्ही.टी. स्टेशनवर आणले. गाडीला अवकाश होता. फलाटावर नाटकाच्या प्रयोगाहून आलेले दोन रंगमंच कामगार, हॉटेलातला एक वाढपी, बंदरावरचा कोणी, आणि टोपलीवर डोके टेकून पेंगणारी एक फुलवाली होती. बाबांना पाहून सगळे सरकले, चहा आला, माझ्यापुढे बशीत ओतून धरला गेला. ‘ही माझी मुलगी,’ बाबा म्हणाले. वाढप्याने मला खिशातून बडीशेप दिली. गाडीत बसल्यावर मी त्या काकांचे नाव विचारले, तर बाबा म्हणाले, ‘ते कशाला विचारायचं? रोज भेटतो की आम्ही.’ ठाण्यापर्यंत उजाडले होते आणि माझ्या फ्रॉकला सगळीकडे शाई लागली होती, त्याबद्दल आईने दोघांनाही बोल लावले.

रोप्पोंगीतून पहाटे बाहेर पडणाऱ्यांमध्ये मला हीच माणसे दिसतात असे मी म्हणणार नाही. छापखान्यातले लोक घाम गाळून थकलेले असायचे आणि आम्ही पैसे खर्चून. पण पाचच्या गाडीत कोणीच कोणाशी बोलत नाही, तरी सगळे एकमेकांना ओळखतात, हे खरे. समोरच्या बाकावर कामाला निघालेले, नीट भांग पाडलेले गृहस्थ असतात. ते आमच्याकडे पाहत नाहीत आणि आम्हीही त्यांच्याकडे पाहत नाही. मिनामीसुनामाचीनंतर तोझाईची गाडी भुयारातून वर येते आणि आराकावा नदीच्या पुलावर चढते, तेव्हा डब्यात एकदम उजेड होतो आणि सगळ्यांचे रात्रीचे चेहरे उघडे पडतात. दहा लक्सचा नियम करणाऱ्यांनी या गाडीने एकदा तरी यावे.

दाढीवाला सोलला गेला त्यानंतर काही काळाने, 2022 च्या 29 ऑक्टोबरला, इतेवॉनमध्ये ती दुर्घटना झाली. इतेवॉन म्हणजे सोलमधली रोप्पोंगी. तिथेही अमेरिकन छावणीच्या शेजारी बार उगवले आणि परदेशी माणसांनी ते आपलेसे केले. हॅलोविनच्या गर्दीत, हॅमिल्टन हॉटेलच्या बाजूच्या जेमतेम सव्वातीन मीटर रुंदीच्या उताराच्या गल्लीत माणसे माणसांवर कोसळली आणि 159 जणांचा जीव गेला. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारासच कोणीतरी पोलिसांना फोन करून गर्दीत चेंगरण्याची भीती सांगितली होती. चेंगराचेंगरी झाली रात्री सव्वादहाच्या पुढे. हाँगकाँगच्या लान क्वाय फाँगमध्ये 1993 च्या पहिल्याच दिवशी अशाच उताराच्या गल्लीत 21 जण गेले होते, आणि त्यानंतर तिथे गर्दीच्या वाटा आखल्या गेल्या. म्हणजे हे कोणालाच ठाऊक नव्हते असे नाही. शिबुयात आता हॅलोविनला येऊ नका म्हणून महापौर आधीच विनवतात आणि 2024 च्या ऑक्टोबरपासून तिथे संध्याकाळी सहा ते पहाटे पाच रस्त्यावर दारू पिण्यास बारमाही बंदी आहे.

इतेवॉनच्या मृतांत वीसहून अधिक परदेशी होते. सोमवारी ऑफिसात साताऱ्याच्या मुलाने मला विचारले, तो रुमालवाला बरा असेल ना. आम्ही त्या रात्रीचे फोटो काढून पाहिले. त्यांत तो हसत होता, पण फोटोत नाव नव्हते, आणि ज्याने त्याला बोलावले होते तो आमचा सहकारी केव्हाच देश सोडून गेला होता. त्याला विचारले, तर तो म्हणाला की त्याचीही ओळख तिथलीच. बातम्यांत मृतांची देशवार संख्या आली होती. ती आम्ही दोघांनी खालपर्यंत वाचली, पण तो कोणत्या देशाचा हेच आमच्यापैकी कोणाला ठाऊक नव्हते.