डिस्प्लेवर तीन काड्या आणि सायकल ठप्प

सपाट रस्त्यावर माझी इलेक्ट्रिक सायकल अगदी शहाण्यासारखी चालायची. चढ लागला आणि असिस्ट, म्हणजे पेडलला मोटरची मदत, वाढवला की दहा-पंधरा सेकंदांत मोटर हात टेकायची. डिस्प्लेवर बॅटरी दाखवणाऱ्या पाचपैकी तीन काड्या झर्रकन एकीवर यायच्या आणि ती एक लुकलुकत राहायची. मी पाय टेकून उभी राहिले की मिनिटभरात तिन्ही काड्या परत हजर, जणू काही झालंच नाही. बंद मोटरची जड सायकल चढावर रेटताना काय होतं ते ज्याने रेटलीय त्यालाच ठाऊक.

भावाने तर बघायच्या आधीच निकाल दिला. "अगं, बॅटरी गेली तुझी. तीन वर्षं झाली ना? नवीन घेऊन टाक." एका मेकॅनिकनेही तेच सांगितलं, तेही बॅटरीच्या पॅकला हात न लावता. पण सायकलमधली सगळ्यात महाग वस्तू बॅटरीच. ती बदलायची तर आधी खात्री तरी करू, म्हणून मी व्होल्टेज आणि करंट मोजायचा मल्टिमीटर काढला.

त्याआधी ब्रेक तपासून झाले होते. ब्रेकच्या लिव्हरमध्ये एक छोटा स्विच असतो, लिव्हर ओढली की तो मोटर बंद करतो. तो अडकून राहिला तर मोटर मध्येच बंद होते, असं वाचलं होतं. दोन्ही स्विचच्या वायरी काढून चढावर गेले, सायकल पुन्हा बंद. थोडा विचार केला असता तर ही फेरी वाचली असती. ब्रेकच्या स्विचमुळे मोटर थांबेल, पण काड्या कशाला उतरतील?

मग आकडे. चार्जरच्या पिनवर 42.0 व्होल्ट, म्हणजे चार्जर ठीक. रात्रभर चार्ज केलेल्या बॅटरीवर 41.7. '36 व्होल्ट' नावाच्या पॅकमध्ये सेलचे दहा गट एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक गट पूर्ण भरल्यावर 4.2 व्होल्टवर जातो, म्हणून 42. छत्तीस हा सरासरीचा आकडा, गटामागे 3.6 धरून आलेला. 41.7 बघून मी खूश झाले आणि तिथेच फसले. खुर्चीत बसलेल्या माणसाकडे बघून त्याला जिना चढवेल की नाही हे कसं कळणार? डिस्प्लेच्या काड्याही साध्या डिस्प्लेत व्होल्टेजवरूनच ठरतात. त्यामुळे उभ्या सायकलवर त्या छान दिसतात आणि जोर लागला की खरं काय ते सांगतात.

याच सुमारास एक मूर्खपणा केला, तोही लिहून टाकते. मोटर किती करंट ओढते ते बघायचं म्हणून मल्टिमीटरची लाल वायर '10 अँपिअर' लिहिलेल्या भोकात घातली होती. मग बेत रद्द केला, पण वायर तिथेच राहिली. तशीच व्होल्टेज मोजायला बॅटरीच्या दोन टोकांना लावली. अँपिअरच्या भोकात असताना मीटर म्हणजे जवळजवळ सरळ तारच. चट्ट असा आवाज, निळी ठिणगी, आणि लाल प्रोबचं टोक वितळून त्याची गोळी झाली. हात शाबूत राहिले हे नशीब. वायर जागेवर लावून पुन्हा मोजलं तर बॅटरी शून्य. पोटात गोळा आला. भावाला सांगायची हिंमतच होईना.

अर्ध्या तासाने सहज चार्जर लावून पाहिला आणि बॅटरी उठली. पॅकच्या आत बीएमएस नावाचं सर्किट असतं. शॉर्ट झालं की ते बाहेर जाणारा रस्ता बंद करतं आणि बऱ्याच पॅकमध्ये चार्जर लागल्याशिवाय तो उघडत नाही. त्यामुळे शून्य दाखवणारी प्रत्येक बॅटरी मेलेलीच असते असं नाही, काही नुसत्या दार लावून बसलेल्या असतात. मात्र बराच काळ पूर्ण रिकामी पडून राहिलेली, फुगलेली किंवा आपटलेली बॅटरी असेल, तर चार्जर लावून जागी करायच्या फंदात पडू नये. तिथे आगीची भीती खरी असते.

या घोळातून एक गोष्ट मात्र डोक्यात बसली. बीएमएसने वीज तोडली की डिस्प्लेसकट सगळं विझतं. चढावर माझा डिस्प्ले विझत नव्हता, नुसती काडी लुकलुकत होती. म्हणजे हार मानत होता तो कंट्रोलर, बॅटरीची वीज मोटरला मोजून देणारा डबा. त्याच्यापर्यंत पोहोचणारं व्होल्टेज ठरावीक आकड्याखाली गेलं की तो मोटर थांबवतो. माझ्या कंट्रोलरवर तो आकडा 31 छापलेला आहे. मग प्रश्न एवढाच उरला, की व्होल्टेज बॅटरीतच पडतंय की वाटेत?

त्यासाठी चालत्या सायकलवर, चढावरच मोजायला हवं होतं. मीटर हँडलला पट्टीने बांधला, समोर मोबाइल लावून व्हिडिओ सुरू केला. पहिल्या फेरीत वायरी बॅटरीच्या चार्जिंग पोर्टला लावल्या, जुन्या चार्जरचा प्लग कापून, उघडी टोकं टेपने नीट गुंडाळून. माझ्या पॅकमध्ये त्या पोर्टवर पॅकचं व्होल्टेज दिसतं, सगळ्यांच्यात दिसेलच असं नाही. दुसऱ्या फेरीत तोच चढ, तोच असिस्ट, फक्त वायरी कंट्रोलरच्या बाजूच्या जोडावर.

घरी येऊन व्हिडिओ बघितला. उभ्या सायकलवर दोन्हीकडे 37.6 च्या आसपास. चढावर बॅटरीकडचा आकडा 35.1 पर्यंत उतरला आणि तिथे टिकला. तीन वर्षांच्या पॅकला एवढी घसरण शोभून दिसते. कंट्रोलरकडचा मात्र 34, 33, 32 करत 31 वर आला आणि मोटर बंद. बॅटरीतून निघालेले चार व्होल्ट वाटेत गडप होत होते. कंट्रोलर जास्तीत जास्त 15 अँपिअर ओढतो. चार गुणिले पंधरा, म्हणजे साठ वॅट. वायरी डाग देऊन जोडायचं सोल्डरिंग आयर्न साठ वॅटचं मिळतं. तेवढी उष्णता माझ्या सायकलवर कुठेतरी एका जागी निघत होती आणि मी तिच्यावर बसून हिंडत होते.

जागा शोधायला मग मीटरची गरजच पडली नाही. चढावरून आल्या आल्या बॅटरी काढली आणि ती ज्या पाळण्यात सरकते त्याच्या तळाला बोट लावलं. चटका बसला. टॉर्च मारून पाहिलं तर दोन पितळी पात्यांपैकी एक पिवळं धमक, दुसरं काळंनिळं, कडेला बारीक खड्डे पडलेलं. भोवतालचं प्लास्टिक मऊ होऊन पातं किंचित कललं होतं, म्हणून बॅटरीतला चिमटा त्याला एका कोपऱ्यातच पकडत होता. जळक्या प्लास्टिकचा वास मला काही दिवस येत होता, पण मी तो ब्रेक पॅडचा समजत होते.

खड्डे पडले कसे, याचं उत्तर माझ्याच सवयीत होतं. मी रोज बॅटरीचा स्विच चालू ठेवूनच ती पाळण्यात सरकवायची. कंट्रोलरमधले कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवणारे भाग, रिकामे असतात, ते टेकल्या क्षणी करंट गटकन ओढतात आणि ठिणगी पडते. तो 'टिक' आवाज मला आवडायचासुद्धा, वाटायचं, चला, नीट बसली.

पाळण्याचा तळ सुटा मिळाला. बॅटरी दुसऱ्या खोलीत ठेवून जुन्या वायरी कापल्या, नव्या पात्यांना सोल्डर केल्या, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवली. लाल-काळी दोनदा तपासली, कारण उलटी जोडली तर कंट्रोलर गेलाच. बॅटरीतल्या चिमट्याच्या पट्ट्या फार ढिल्या नव्हत्या, पण काजळी होती. बॅटरीचा स्विच बंद करून, लाकडी काडीला कापड गुंडाळून ती पुसली. धातूचं काहीही आत घालायचं नाही हे ठिणगीने शिकवलेलंच होतं.

मग तोच चढ पुन्हा. बॅटरीकडे 35.0, कंट्रोलरकडे 34.7. सायकल वरपर्यंत गेली, तळ नुसता कोमट. बॅटरी म्हातारी झालीय हे खरं आहे, थंडीत ती अजूनही लवकर दमते आणि शेवटच्या काडीवर मी चढ टाळतेच. ते काळं पातं भावाला दाखवलं. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "म्हणजे बॅटरी नव्हतीच गेली." मग जरा थांबून, "तुझा तो मीटर दोन दिवस देशील का? माझी स्कूटर सकाळी सुरू होत नाहीये." दिला. लाल वायर कुठल्या भोकात आहे ते आधी दाखवलं आणि मगच दिला.